कोहळ्यातला दिवा : एका निकालाचे फेरपरीक्षण

परीक्षकाने निकाल दिला की तोंड मिटून घरी जावे, असा एक जुना संकेत आहे. तो चांगलाच आहे. पण कधी कधी निकालच परीक्षकाच्या मागे लागतो आणि त्याला झोपू देत नाही. २०२४ सालच्या ऑक्टोबरात आमच्या सदरात मी एक निकाल दिला. तो चुकला होता, आणि चुकतो आहे हे सही करतानाच मला कळत होते. म्हणून हे लिहिणे. कादंबरीवर किंवा नाटकावर परीक्षण वाचायच्या अपेक्षेने ज्यांनी हे पान उघडले असेल त्यांनी क्षमा करावी. आज परीक्षणाला घेतलेली कलाकृती एक भाजी आहे.

झाले असे, की आमच्या भागातल्या एका मोठ्या गृहसंकुलात मुलांसाठी 'हॅलोविन'ची स्पर्धा ठरली. मोठे कोहळे कोरायचे, आत मेणबत्ती लावायची आणि ओळीने मांडायचे. (आमच्याकडे कोहळे म्हणजे पुणेकरांचा लाल भोपळा. पुणेकर ज्याला कोहळा म्हणतात तो पांढरा, पेठ्याचा. या एका शब्दापायी पुण्याहून लग्न होऊन आलेल्या सुनांची पहिली मंगळवारी बाजारातली खरेदी चुकते.) मी शाळेत लहान वर्गांना मराठी आणि हस्तव्यवसाय शिकवतो आणि दोनतीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, म्हणजे सुरी आणि लेखणी दोन्ही याला कळत असणार, असा हिशेब करून मला परीक्षक नेमले. आणखी दोघे होते. ते माझ्याहून पुष्कळ शिकलेले. मी मॅट्रिकवर थांबलेला माणूस. माझे पुढचे शिक्षण ग्रंथालयाच्या वर्गणीवर झाले. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

एकवीस कंदील होते. त्यांतल्या अठरांचा चेहरा एकच होता. डोळ्यांचे दोन त्रिकोण, नाकाचा एक, आणि करवतीच्या दात्यांसारखे तोंड. मुलांचा यात काही अपराध नाही. नमुना एकच मिळाला होता. शाळेत आम्हीही तेच करतो. फळ्यावर एक मोर काढून देतो आणि मग चाळीस मोर तपासतो. दोन कंदील अर्धवट कोरलेले होते. एकविसावा मात्र काळा होता.

तो आणला होता सहावीतल्या एका मुलाने. कोहळ्याला त्याने बाहेरून काजळी आणि तेल चोळून काळे केले होते. डोळे वाटोळे, मोठे, त्यांत बुबुळाच्या जागी गर तसाच राखलेला; तोंडातून हनुवटीपर्यंत लोंबणारी जीभ, आणि कपाळावर आडवे मळवट. आत दिवा लावला तेव्हा सगळा कोहळा अंधारात नाहीसा झाला आणि नुसते डोळे, मळवट आणि जीभ तेवढी हवेत राहिली. पाहणाऱ्यांत आधी शांतता, मग हशा झाला. "मारबत!" कोणीतरी ओरडले. होती मारबतच, आणि तीही काळी.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात मारबती निघतात. काळी आणि पिवळी अशा दोन अजस्र बायांचे पुतळे महाल-इतवारीच्या रस्त्यांतून मिरवत नेतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. गावाची रोगराई, ईडापीडा आपल्याबरोबर घेऊन जा, असे लोक त्यांना ओरडून सांगतात. त्यांच्या मागे बडगे असतात; त्या त्या वर्षी ज्याचा लोकांना राग आला असेल त्याचे सोंग म्हणजे बडग्या. महागाई आणि लाचखाऊपणा बहुतेक दरवर्षीचे मानकरी. ही रीत १८८० च्या दशकापासून चालत आली आहे असे सांगतात. काळ्या मारबतीचा संबंध भोसल्यांच्या बाकाबाईशी जोडण्याची लोकवदंताही आहे. ते इतिहासकारांनी पाहावे. मुलाने पाहिली होती ती मारबत, वडिलांच्या खांद्यावर बसून.

माझ्या सहपरीक्षकांचे म्हणणे असे, की कारागिरी उत्तम आहे, परंतु विषय सोडून आहे. स्पर्धा हॅलोविनची, ही तर मारबत. मराठीच्या पेपरात हिंदीचा निबंध लिहिल्यासारखे झाले. हॅलोविन काय असते ते त्यांनी परदेशात राहून पाहिले होते. मी पुस्तकात वाचले होते. वाचलेल्याने पाहिलेल्यापुढे गप्प बसावे, अशा भावनेने मी गप्प बसलो. पहिले बक्षीस एका नीट, आखीव, गुळगुळीत त्रिकोणी चेहऱ्याला गेले. मारबतीला 'उत्तेजनार्थ' असे एक रंगपेटीचे बक्षीस. तिघांच्या सह्या झाल्या, तिसरी माझी.

आता फेरपरीक्षण. कोणत्याही कलाकृतीबद्दल बोलताना ती कशासाठी होती हे आधी विचारावे लागते. कोरलेल्या कंदिलाचे मूळ गाव आयर्लंड आणि स्कॉटलंड. ३१ ऑक्टोबरची रात्र तिथे उन्हाळ्याची अखेर आणि हिवाळ्याची सुरुवात. जुन्या गेलिक लोकांचा साउइन नावाचा सण. त्या रात्री या जगाचे आणि त्या जगाचे दार किलकिले होते, अशी समजूत. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला, तेव्हा आदली रात्र 'ऑल हॅलोज ईव्ह' झाली, आणि जिभेवर घासून घासून तिचे हॅलोविन झाले. म्हणजे शब्दाचा अर्थ सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या, एवढाच.

मोठी गंमत अशी, की हे सदरकरांना कोणी परदेशाहून येऊन सांगायची गरज नव्हती. आमच्या सदरातल्या कॅथेड्रलचे नावच 'ऑल सेंट्स' आहे. १९०३ साली नागपूरचे पहिले अँग्लिकन बिशप म्हणून जे आयर चॅटर्टन इथे आले ते जन्माने आयरिश, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेले. १९२६ पर्यंत ते या पदावर होते. त्यांनी इथे बसून शलगम कोरला असेल असे मी मुळीच म्हणत नाही. बिशपांना दुसरी कामे असतात. पण ज्या दिवसाच्या पूर्वसंध्येचा हा सगळा खटाटोप, त्या दिवसाचे नाव शंभरावर वर्षे आमच्या रस्त्यावरच्या दगडी इमारतीला आहे, आणि आम्ही तिच्यावरून रोज सायकली हाकतो. २ नोव्हेंबरला आमचे ख्रिस्ती शेजारी कबरी धुऊन त्यांवर फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात. तो त्यांचा पितृपक्षच म्हणायचा. तिथे कोणी त्रिकोणी तोंडाचा भोपळा नेत नाही.

आणि शलगम म्हटले ते चुकून नव्हे. मुळात तिथे भोपळा नव्हताच. भोपळ्याची ही जात अमेरिका खंडातली. आयर्लंडची माणसे तिकडे गेली तेव्हा त्यांना मोठी, आतून पोकळ, सुरीला मऊ अशी वस्तू आयती मिळाली. त्याआधी शलगम कोरत. तिकडचा पिवळा शलगम आपल्या सुरणासारखा कठीण असतो. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयो परगण्यातल्या शाखेत अशा एका शलगमाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. मूळ शलगम सुकून मोडकळीस आला म्हणून प्रतिकृती करावी लागली. डोनेगल परगण्यातल्या फिनटाउनच्या एका शिक्षिकेने तो १९४३ साली संग्रहालयाला दिला. साधारण १९०० च्या सुमारास तिथे असे कंदील करीत असत आणि पुढे करीनासे झाले. गावातले जाते आहे हे ओळखून एका शिक्षिकेने एक सुकलेली भाजी जपून नेऊन दिली, याचे मला फार कौतुक वाटते. त्या प्रतिकृतीचे चित्र मी पाहिले आहे. मुठीएवढे तोंड, खोल गेलेले डोळे, विचकलेले दात. मेलेल्या म्हाताऱ्याचे तोंड असावे तसे. ते पाहून हसू येत नाही. आमचे अठरा त्रिकोणी चेहरे त्याच्यापुढे ठेवले तर ते त्याचे नातू शोभणार नाहीत. फार तर त्याच्या घराचे भाडेकरू.

शलगम कोरणे म्हणजे काय, हे मी स्वतः करून पाहिले. आपल्याकडचा शलगम लहान आणि त्या मानाने मऊ; तोही थंडीत मिळतो. डिसेंबरात मंगळवारी बाजारातून चार आणले. पहिल्याचा तळ फुटला. दुसऱ्यात चमचा वाकला, आणि तो आमच्या लग्नातला चमचा होता. तिसरा जमला. झाकण तिरप्या सुरीने कापावे, म्हणजे ते आत पडत नाही. भिंत करंगळीएवढी ठेवावी. वर धुराला भोक हवेच, नाही तर वात गुदमरते. पणतीतल्या तेलाने आतला गर भाजू लागतो आणि घरभर वास सुटतो. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, चौथा तरी भाजीला ठेवा." ठेवला.

स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकजवळच्या रिख्टर्सविल गावात, नोव्हेंबरात शलगमांच्या कंदिलांची मोठी मिरवणूक निघते. तिथली मुले आरपार भोके पाडीत नाहीत. आतला गर कोरून काढतात, आणि बाहेरची नुसती साल चंद्रचांदण्यांच्या आकारात सोलतात. मग जिथे साल नाही तिथून उरलेल्या पातळ गरातून उजेड झिरपतो. कंदिलाच्या कलेतला खरा प्रश्न हाच आहे, असे माझे मत. चेहरा काढणे हे चित्रकाराचे काम झाले. कंदील करणाऱ्याने किती काढायचे आणि किती ठेवायचे हे ठरवायचे असते. आमच्या मारबतवाल्याने बुबुळाला गर राखला होता. भगभगीत डोळ्यात बुबुळ तेवढे मंद, नारिंगी, ओलसर दिसत होते, आणि त्यामुळे ती बाई आपल्याकडे पाहते असे वाटे. अठरा त्रिकोणांपैकी एकही कोणाकडे पाहत नव्हता. मी हस्तव्यवसाय शिकवतो. हे मला त्याच संध्याकाळी दिसले होते.

आता विषयाकडे. ती मारबत खरोखर विषय सोडून होती काय?

या कंदिलाची म्हणून आयर्लंडात एक कथा सांगतात. जॅक नावाचा एक चिकट, दारुडा माणूस सैतानाला पुन्हा पुन्हा फसवतो आणि माझा आत्मा नेणार नाही असे त्याच्याकडून कबूल करून घेतो. जॅक मरतो. स्वर्ग त्याला घेत नाही, कारण पापी; नरक घेत नाही, कारण सैतान वचनाला बांधलेला. शेवटी सैतान त्याच्याकडे एक निखारा फेकतो. तो पोखरलेल्या शलगमात ठेवून जॅक अजून अंधारात वाट शोधत हिंडतो आहे. दलदलीवर रात्री दिसणारा भुलवा उजेड तो हाच, असे म्हणतात. आपल्याकडचा चकवा त्याचा सख्खा नसला तरी चुलतभाऊ असावा.

ही गोष्ट मी चौथीच्या वर्गाला सांगितली तेव्हा एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही तर भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट." मी हसलो, आणि घरी येईपर्यंत माझे हसणे ओसरले. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला काय सांगते? आता मी हाडांचा सापळा आहे. लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग मला खा. ही मृत्यूकडून घेतलेली मुदतच आहे. जॅकही मुदतच घेतो. दोघे मृत्यूचे कर्जदार, दोघेही बुडवे, आणि दोघांना शेवटी लपायला किंवा चालायला पोखरलेले फळच लागते. एक त्यात निखारा ठेवतो, दुसरी स्वतः बसते. फरक आहे तो सांगणाऱ्याच्या मनात. आयरिश कथेकऱ्याने जॅकला माफ केले नाही. आमच्या आज्यांनी म्हातारीला केले. ती लबाड बोलली खरी, पण लेकीकडे चालली होती ना! माहेरपणाइतकीच लेकीकडे जाण्याची ओढ ज्यांना ठाऊक होती त्या बायकांनी ही गोष्ट सांगितली आहे.

साहित्यातला भोपळा पाहू गेले तर तिथेही मौज आहे. वॉशिंग्टन आयर्व्हिंग याची स्लीपी हॉलोची दंतकथा १८२० ची. शिरच्छेद झालेला घोडेस्वार खेड्यातल्या मास्तराच्या मागे लागतो. सकाळी मास्तर गायब, त्याची टोपी तेवढी पडलेली आणि शेजारी फुटलेला भोपळा. आज या कथेची चित्रे पाहावीत तर घोडेस्वाराच्या हातात कोरलेला, पेटलेला भोपळा असतो. कथेत तो कोरलेला नाही, पेटलेला नाही आणि हॅलोविनचे नावही नाही. तो भोपळा वाचकांनी मागाहून कोरला आणि पेटवला. मास्तराबद्दल मला अर्थातच आपुलकी वाटते. तो भुताखेतांची पुस्तके वाचून वाचून इतका भरलेला, की समोरची साधी भाजी त्याला ओळखता आली नाही. व्हिटियर या कवीने १८५० च्या आपल्या भोपळ्यावरच्या कवितेत मुलांनी चेहरे कोरून आत दिवा लावल्याची आठवण दिली आहे, पण ती कविता कापणीनंतरच्या आभाराच्या सणाची. हॉथॉर्नच्या १८५२ च्या 'फेदरटॉप' कथेत एक चेटकीण बुजगावण्याला वाळक्या भोपळ्याचे डोके बसवून त्याला सभ्य गृहस्थ म्हणून गावात धाडते. सगळे फसतात. मग तो आरशात पाहतो, त्याला आपण काय आहोत ते दिसते, आणि तो परत येऊन जगायचे नाकारतो. या तिन्हींत मला हॉथॉर्नचा भोपळा श्रेष्ठ वाटतो. पोकळ डोक्याच्या माणसाला आपला पोकळपणा कळणे, यापरते भय कोणत्या कंदिलात कोरता येईल?

या सगळ्यातून एक गोष्ट मला दिसते. हा कंदील उसना आणला याबद्दल दरवर्षी वर्तमानपत्रांत जी आदळआपट चालते तिच्यात मला रस नाही. उसने आणणे हा गुन्हा असेल तर आधी कोहळेच परत करावे लागेल. ते पोर्तुगिजांच्या काळानंतर समुद्रावरून आलेले, आणि आज त्याच्या बोंडांशिवाय आमच्या वऱ्हाडनागपुरात सण होत नाही. तक्रार आहे ती अर्धे उसने आणण्याबद्दल. चेहरा आणला आणि भय मागे ठेवले. वाईटाला तोंड द्यायचे, ते दारात बसवायचे, त्याला पाहून आधी दचकायचे आणि मग हसायचे, एवढ्यासाठी तो शलगम होता. मारबतही त्याचसाठी असते. कोकणात नरकचतुर्दशीला पहाटे कारीट अंगठ्याखाली चिरडतात. तो त्यांचा नरकासुर, तोही एक भाजीवजा फळच. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो तो यमासाठी. २०२४ साली ३१ ऑक्टोबर आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आल्या, आणि १ नोव्हेंबरला ऑल सेंट्सच्या दिवशी आमच्याकडे लक्ष्मीपूजन होते. पंचांगाने एवढे जवळ आणून ठेवलेले आम्हा तीन परीक्षकांना दिसले नाही. सहावीतल्या मुलाला दिसले. त्याने अनुवाद केला होता, आणि आम्ही त्याला नक्कल केली नाही म्हणून गुण कापले.

माझ्याविरुद्ध बोलण्यासारखे एक आहे, तेही नोंदवतो. मारबत जाळायची असते. ती पाहुण्याच्या स्वागताला दारात बसवायची नसते, आणि तिला दिवाळीच्या दिवशी दारात पाहून एखाद्या आजीला भलतेच वाटले असते. आमच्या आईलाच वाटले असते. ती कोहळे अख्खे असेतोवर त्याला सुरी लावत नसे. पहिला काप पुरुषाने द्यायचा, मग ती चिरायची. फळाला जीव असल्यासारखे ते वागणे मला लहानपणी खुळे वाटे. आत गर काढताना हात ओला होतो, बिया तंतूंना धरून बसलेल्या असतात आणि ओढल्या की सुटताना किंचित आवाज करतात, तेव्हा ते तितके खुळे वाटत नाही. तर ही हरकत खरी आहे. पण ती आमच्यापैकी कोणी घेतलीच नाही. घेतली असती तर ती विषयाला धरून झाली असती.

गराचेही सांगायला हवे. स्पर्धेनंतर वीस कोहळ्यांचा गर कचऱ्याच्या मोठ्या डब्यात पडलेला मी पाहिला. ज्या मुलाला आम्ही रंगपेटी दिली त्याच्या आईने आदल्या रात्री गुळात शिजवून बोंडे केली होती. तो डबा तिने आम्हा परीक्षकांपुढे उघडला. मी तीन खाल्ली. निकाल तोवर लागला होता, त्यामुळे लाच म्हणता येणार नाही.

पाडव्याच्या दिवशी मी त्या घरी गेलो. सदरातली जुनी चाळ, जिन्यावर अंधार. दारात ती कोहळ्याची मारबत अजून होती. आमच्या ऑक्टोबरच्या उन्हात कोरलेले फळ चार दिवसांवर टिकत नाही. जबडा खाली बसला होता, जिभेवरून मुंग्यांची रांग चालली होती आणि एका डोळ्याचे बुबुळ गळून पडले होते. कोरल्या दिवसापेक्षा ती आता अधिक भयंकर दिसत होती. मुलाला मी म्हणालो, "तुझा पहिला नंबर होता. मी बोललो नाही." तो म्हणाला, "मला वाटलंच होतं गुरुजी. तुम्हीच एकटे हसला नव्हता." आणि खेळायला पळाला. त्याच्या आईला हे बोलणे फारसे महत्त्वाचे वाटले नसावे. तिने चहा दिला, आणि वर्तमानपत्रावर वाळत घातलेल्या कोहळ्याच्या मूठभर बिया कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. "जीभ लई मोठी होती म्हणते तो, फळ गोड होतं पण," एवढे म्हणाली.

पुढल्या जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर त्या मी न्हाणीच्या मागे लावल्या. वेल भिंतीवर चढून शेजाऱ्यांच्या टिनावर गेला. दोन फळे धरली; एक त्यांचे, एक आमचे, असे भाद्रपदातच ठरून गेले.